बोली, घड्याळ आणि शुद्धिपत्रक

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बहुधा निविदांच्या शेजारी, बारीक टायपात ई-लिलावाची नोटीस छापलेली असते. थकलेल्या कर्जापायी ताब्यात घेतलेले घर, जप्त केलेला ट्रॅक्टर, नदीपात्रातला वाळूगट, मोडीत काढलेली यंत्रे. बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. मला ती पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत वाचायला आवडते, कारण माणसे कशी वागतील याचा इतका काटेकोर अंदाज बांधून लिहिलेला मजकूर क्वचितच सापडतो. चांगल्या कवितेत एक शब्द हलला की अर्थ हलतो. इथे एक अट हलली की किंमत हलते.

आमच्या अणदूरच्या माणसाला आधी अटी आणि मग व्यवहार हा क्रम शिकवावा लागत नाही. इथला खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात असतो, आणि देवाची ही ये-जा दोन्हीकडच्या मानकऱ्यांमधल्या लेखी कराराने होते. देवाचा मुक्काम हलायचा तरी कागद आधी. बाजारात मात्र हा क्रम पुष्कळदा उलटतो. बोली सुरू झाल्यावर अटी बदलतात, आणि मग भाव पडला म्हणून खरेदीदाराला दोष दिला जातो. दोष कुठे शोधायचा हे नोटीस नीट वाचली तर कळते.

नोटिशीचे पहिले वाक्य मालाचे वर्णन करते, आणि निम्मी बोली तिथेच ठरते. बाजार समितीच्या ओट्यावर सोयाबीनचा ढीग पडला की खरेदीदार त्यात हात घालून मूठ भरतो, एका तळव्यावरून दुसऱ्यावर ओततो, फुंकर मारून मातेरे उडवतो, दोन दाणे दाताखाली धरतो. दाणा कटकन फुटला तर माल वाळलेला. दबला तर ओलसर. तोंडातून आकडा निघण्याआधी भाव त्याच्या मनात तयार झालेला असतो. 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेल्या ई-नाम या शेतमालाच्या ऑनलाइन राष्ट्रीय बाजारात हीच मूठ आकड्यांत उतरवायची असते. फाटकावर नोंद, लॉट क्रमांक, नमुना, मग प्रयोगशाळेत ओलावा, काडीकचरा, डागी आणि फुटके दाणे यांचे प्रमाण. ढिगापाशी उभ्या नसलेल्या व्यापाऱ्याने बोली लावायची ती या चार-पाच आकड्यांच्या भरवशावर. आकडे भरवशाचे असतील तर तो मोकळेपणाने पुढे सरकतो. नसतील तर माल वाईटात वाईट असेल असे धरून चालतो आणि तेवढे पैसे बोलीतून आधीच वजा करतो.

ही त्याची कंजुषी नव्हे. ज्या मालाची खरी किंमत कोणालाच पक्की ठाऊक नाही, त्याच्या लिलावात सर्वांत जास्त बोली लावणारा बहुधा सर्वांत जास्त फसलेला असतो. दहा जणांच्या दहा अंदाजांतला सर्वांत आशावादी अंदाज त्याचा असतो म्हणून तर तो जिंकला. जाणते बोलीदार हे ओळखून आधीच हात आखडता घेतात. पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट वेबर यांनी 1982 साली गणिताने दाखवून दिले की, विक्रेत्याने आपल्याजवळची माहिती नेहमी आणि प्रामाणिकपणे उघड करण्याचा नियम पाळला तर सरासरी किंमत त्याच्याच बाजूने वर जाते. लिलावांवरच्या कामासाठी मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांना 2020 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडच्या बँकांच्या नोटिशीत मात्र याच्या नेमके उलटे एक वाक्य ठाण मांडून बसलेले असते: मालमत्ता ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर विकली जाईल. घरात भाडेकरू आहे का, सोसायटीची थकबाकी किती, सातबाऱ्यावर आणखी कोणाचा बोजा आहे का, सगळे बोलीदाराने शोधावे. शोधायला त्याला वेळ आणि वकील लागतो. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत तो बोलीला येतच नाही, आणि जो येतो तो अज्ञाताची किंमत कापून येतो. या वाक्याने बँक स्वतःला सुरक्षित करते खरी. पण त्या सुरक्षिततेचे पैसे ती कमी आलेल्या बोलीतून स्वतःच मोजते, आणि बँकेमागोमाग तो कर्जदारही मोजतो.

आता घड्याळ. नोटिशीतला सर्वांत सुंदर भाग मला हाच वाटतो. लिलाव अमुक वाजता सुरू, अमुक वाजता बंद, आणि पुढे कंसात पाच मिनिटांची अमर्याद मुदतवाढ. हा कंस वाचताना पुष्कळांचे लक्षही जात नाही. पण ऑनलाइन लिलावाचे अख्खे नाट्य त्या कंसात आहे.

याचा सर्वांत देखणा पुरावा दोन अमेरिकी संकेतस्थळांनी दिला. ईबेवर लिलाव ठरलेल्या क्षणाला संपायचा. ॲमेझॉन तेव्हा लिलावही चालवायची, आणि तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकायची. सलग दहा मिनिटे कोणीच बोलले नाही तरच लिलाव बंद व्हायचा. बाकी नियम जवळपास सारखे. दोन्हीकडे बोलीदाराने आपली कमाल किंमत यंत्राला सांगून ठेवायची, आणि यंत्राने दुसऱ्याच्या बोलीहून जेमतेम वर राहील एवढीच बोली त्याच्या वतीने लावायची. म्हणजे मनातला खरा आकडा एकदा सांगून घरी जावे, असा हा प्रकार. आल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्हीकडचे लिलाव शेजारी ठेवून पाहिले. ईबेवरच्या संगणकांच्या लिलावांपैकी 40 टक्क्यांत आणि जुन्या दुर्मीळ वस्तूंच्या लिलावांपैकी 59 टक्क्यांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आली होती. ॲमेझॉनवर हेच प्रमाण सुमारे 3 टक्के.

हे आकडे मला पुन्हापुन्हा वाचावेसे वाटतात. वस्तू सारख्याच, हव्यास तोच. फक्त शेवटची ओळ वेगळी लिहिली होती. ईबेवरचा जाणता बोलीदार गप्प का बसतो? एक तर नवखा माणूस दुसऱ्याची बोली दिसली की चेवाने पुढची लावतो; त्याला तशी संधीच द्यायची नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. जुन्या वस्तूच्या बाबतीत जाणकाराची बोली हीच माहिती असते. पितळी समई खरोखर जुनी आहे हे ज्याला कळते, त्याने दोन दिवस आधी बोली लावली तर त्याने ते ज्ञान सगळ्यांना फुकट वाटले. म्हणून तो अखेरच्या सेकंदापर्यंत ते ओठांआड ठेवतो. संगणकात असे गुपित फारसे नसते, म्हणून तिथले प्रमाण 40 आणि इथले 59. मुदतवाढीचा नियम आला की गुपित जपण्याचा फायदाच संपतो, कारण तुम्ही कितीही उशिरा बोललात तरी समोरच्याला उत्तर द्यायला वेळ मिळतोच.

आपल्याकडे 2000 साली मुंबईतून बाजी डॉट कॉम सुरू झाली आणि 2004 साली ईबेने ती विकत घेतली, तेव्हा शहरातल्या मराठी घरांत घड्याळाकडे पाहत बोली लावण्याची चटक काही काळ लागली होती. ते संकेतस्थळ गेले. बँकांच्या ई-लिलावांनी मात्र दुसरी वाट धरली, आणि ती योग्य धरली असे माझे ठाम मत आहे. अणदूरसारख्या गावात ऐन वेळी रेंज जाते, वीज जाते, ओटीपी येता येत नाही. ठरल्या सेकंदाला दार बंद करणारा नियम अशा बोलीदाराला बाहेर ठेवतो आणि वेगवान जोडणी असलेल्याला बक्षीस देतो. ईबेवरसुद्धा अखेरच्या क्षणी पाठवलेल्या सगळ्या बोली पोचत नसत, ही गोष्ट त्या दोघा अभ्यासकांच्या विवेचनाचा गाभाच होती. पाच मिनिटांची वाढ म्हणजे मालाला जो खरोखर जास्त किंमत द्यायला तयार आहे त्याला बोलू देणे. विक्रेत्याला याहून काय हवे असते?

बोली दिसावी की झाकावी, हा पुढचा प्रश्न, आणि इथे एकच एक उत्तर नाही. उघड लिलावात अडत्याच्या भोवती खरेदीदारांचे कोंडाळे असते आणि प्रत्येकाचा आकडा प्रत्येकाला ऐकू येतो. चांगला माल असला की एकाचा धीर पाहून दुसऱ्याला धीर येतो आणि भाव चढतो. पण त्याच कोंडाळ्यात रिंग झालेली असेल, म्हणजे कोणी किती पुढे जायचे हे चहाच्या टपरीवरच ठरलेले असेल, तर उघड बोलीसारखा उत्तम पहारेकरी नाही. जो ठरलेले मोडून चार रुपये वर जाईल तो तिथल्या तिथे पकडला जातो, आणि पुढच्या ढिगावर सगळे मिळून त्याला धडा शिकवतात. बोली पडद्याआड गेली की हा पहारा उठतो. पण त्याबरोबर एकमेकांच्या आकड्यातून मिळणारा धीरही जातो.

शेजारच्या कर्नाटकाने 2014 पासून आपल्या बाजार समित्या एका ऑनलाइन मंचावर जोडल्या. तिथे व्यापारी लॉटवर बोली नोंदवतात, दुसऱ्याची बोली त्यांना दिसत नाही, आणि वेळ संपली की सर्वांत मोठी बोली जिंकते. आमच्यापासून कर्नाटकाची हद्द फार लांब नाही, म्हणून या प्रयोगाकडे मी आपलेपणाने पाहतो. या एकत्रीकरणावरचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला: भाताचा भाव 5.1 टक्के, भुईमुगाचा 3.6 टक्के आणि मक्याचा 3.5 टक्के वाढला. कापूस, मूग आणि तूर यांच्या भावात मात्र दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. तुरीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे शेवटचे वाक्य बोचते. मंच तोच, पडदा तोच, तरी तुरीला काही मिळाले नाही.

त्याच अभ्यासकांच्या गटाने 2019 साली तिथल्या डाळींच्या एका मोठ्या बाजारात लिलावाचा नियमच बदलून पाहिला, आणि तो बदल म्हणजे मला या विषयातली सर्वांत सुरेख ओळ वाटते. पहिल्या फेरीत सगळ्यांनी झाकून बोली लावायची. मग प्रत्येक लॉटसाठी वरच्या काही बोलीदारांनाच दुसऱ्या फेरीला बोलवायचे, आणि आतापर्यंतची सर्वांत मोठी बोली हा नवा तळ म्हणून त्यांच्यापुढे ठेवायचा. यातली समज पाहा. एका सकाळी व्यापाऱ्यापुढे शेकडो लॉट असतात. प्रत्येकावर डोके लावणे त्याला शक्य नसते, म्हणून तो सगळीकडे बेताचीच बोली टाकून ठेवतो. दुसऱ्या फेरीचे आमंत्रण त्याला सांगते की या लॉटवर तू शर्यतीत आहेस, इथे लक्ष घाल. पहिल्या फेरीचा पडदा रिंग सैल करतो, दुसऱ्या फेरीचा उजेड धीर देतो. झाकणे आणि दाखवणे या दोन विरोधी गुणांना एकाच रचनेत जागा मिळाली, आणि बाजारातला भाव वाढल्याचे मोजून सिद्ध झाले. शेतकऱ्याने वेगळे काही पिकवले नव्हते, व्यापारीही तेच होते.

हातच्या किमतीबद्दल, म्हणजे जिच्याखाली विक्रेता माल देणार नाही त्या किमान किमतीबद्दल, थोडक्यात. ती फार खाली ठेवली तर संगनमताला मोकळे रान. फार वर ठेवली तर कोणी फिरकत नाही. वाळूगटांच्या बाबतीत जिल्ह्याजिल्ह्यांत हे दिसते. मोठ्या पडद्यावर पाहायचे तर नोव्हेंबर 2012 चा स्पेक्ट्रम लिलाव पाहावा: सरकारने किमान किंमत इतकी चढी ठेवली की मुंबई आणि दिल्लीसाठी एकही बोली आली नाही. मार्च 2013 साठी ती 30 टक्क्यांनी उतरवली, तरी जीएसएम कंपन्या आल्या नाहीत. फेब्रुवारी 2014 मध्ये ती आणखी खाली आली तेव्हा बोलीवर बोली चढली आणि सरकारच्या पदरात 61 हजार कोटींहून अधिक रकमेच्या बोली पडल्या. विक्रेता एकदा खाली उतरला की बोलीदार एक गोष्ट शिकतो: थांबले की स्वस्त होते. पुढच्या लिलावात पहिल्या फेरीला सगळे हाताची घडी घालून बसतात, आणि तो धडा विक्रेत्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला असतो.

इथून मी विक्रेत्याच्या बदलांकडे वळतो. या बाबतीत आपल्या कायद्यातला एक मजकूर मला फार प्रिय आहे: मालविक्री अधिनियम, 1930, कलम 64. सहा छोटी पोटकलमे आहेत. प्रत्येक लॉट हा स्वतंत्र करार. हातोडा पडला की विक्री पूर्ण. तो पडेपर्यंत बोलीदार आपली बोली मागे घेऊ शकतो. विक्रेत्याला स्वतः बोली लावायची असेल तर तसा हक्क त्याने उघडपणे राखून ठेवला पाहिजे. न सांगता त्याने किंवा त्याच्या माणसाने बोली लावली तर खरेदीदार ती विक्री लबाडीची मानू शकतो. राखीव किंमत ठेवता येते. आणि भाव चढवण्यासाठी विक्रेत्याने खोटी बोली लावली तर सौदा मोडायचा की ठेवायचा हे खरेदीदाराच्या हाती. शंभर वर्षे होत आली, तोवर इंटरनेट आले, तरी यातला शब्द बदलावासा वाटत नाही. पाचव्या पोटकलमाने विक्रेत्याला राखीव किंमत दिली आणि सहाव्याने खोट्या बोलीची वाट बंद केली. किंमत सांभाळायची असेल तर उघड तळ ठेव, गर्दीत आपला माणूस उभा करू नकोस, असे ही दोन पोटकलमे शेजारी बसून सांगतात. पडद्यावरच्या लिलावात गर्दीच दिसत नाही, त्यामुळे आज या शेजाराची गरज 1930 पेक्षा जास्त आहे.

हातोडा पडेपर्यंत दोघेही मोकळे, हे यामागचे जुने तत्त्व. 1789 सालच्या लंडनमधल्या एका खटल्यात कथलाच्या मिश्रधातूच्या वस्तूवर चाळीस पौंडांची बोली लावून ती मागे घेणारा बोलीदार याच तत्त्वावर सुटला. ई-लिलावाच्या अटींनी या समतोलातली एक बाजू हळूच काढून घेतली आहे. बोलीदाराची अनामत आधीच जमा असते; बोली मागे घेतली तर ती जप्त. विक्रेत्याच्या बाजूला मात्र शुद्धिपत्रक असते. तारीख पुढे गेली, दोन गट एकत्र केले, क्षेत्रफळ सुधारले, एक अट वाढवली: एक पानी शुद्धिपत्रक संकेतस्थळावर चढते, आणि मूळ नोटीस ज्याने मन लावून वाचली तोच कच्चा पडतो. लहान बोलीदार तालुक्याहून येतो, त्याने एकदाच छापील नोटीस पाहिलेली असते. रोज संकेतस्थळ उघडून बसणारा माणूस ज्याच्या पदरी आहे तोच शुद्धिपत्रकाशी जुळवून घेतो. प्रत्येक शुद्धिपत्रकाने बोलीदारांची संख्या घटते, आणि ती घट खालूनच होते.

याचा देशातला सर्वांत महागडा धडा सर्वांना आठवतो. 10 जानेवारी 2008 च्या प्रसिद्धिपत्रकाने दूरसंचार परवान्यांच्या अर्जांची अंतिम तारीख मागे, 25 सप्टेंबर 2007 वर नेली. अर्ज येऊन पडल्यावर रांगेचा नियम बदलला. सर्वोच्च न्यायालयाने 2 फेब्रुवारी 2012 रोजी 122 परवाने रद्द केले आणि स्पेक्ट्रम लिलावाने देण्यास सांगितले. त्याच नोव्हेंबरातल्या ज्या लिलावात मुंबईला बोली आली नाही, तो या निकालातून जन्मलेला.

न्यायालयाच्या स्वतःच्या जप्ती-लिलावांचे नियम या बाबतीत किती सभ्य आहेत पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 69 प्रमाणे लिलाव 30 दिवसांहून अधिक पुढे ढकलला तर नव्याने जाहीरनामा काढावा लागतो, ऋणकोने स्वतः सूट दिली तरच तो टळतो. म्हणजे वेळ बदलायचा हक्क आहे, पण बदललात तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगा. ईबेनेही बोली आल्यावर विक्रेत्याचे हात बांधले होते. शेवटच्या 12 तासांत ती गाठ आणखी आवळली जाई.

आपल्या सरकारी नोटिशीचा शेवट मात्र ठरलेला: कोणतेही कारण न देता लिलाव रद्द करण्याचा अथवा अटी बदलण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. सर्वोच्च बोली लावली म्हणून बोलीदाराचा हक्क पक्का होत नाही, हे न्यायालयांनीही अनेकदा सांगितले आहे, आणि सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणासाठी ते हवेच. ई-नामवर शेतकऱ्यालाही आलेला भाव नाकारता येतो, आणि त्या नकाराला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण दोन्ही नकार सारखे नाहीत. शेतकरी नाकारतो तेव्हा गाडीभाडे, हमाली आणि परतीचा दिवस त्याच्या अंगावर पडतो, म्हणून तो उगाच नाकारत नाही आणि व्यापाऱ्याला ते ठाऊक असते. कार्यालयाला नकाराचा काहीच खर्च नाही. खर्च त्या बोलीदाराचा, ज्याची अनामत दोन महिने अडकली.

म्हणून त्या शेवटच्या ओळीतून ‘कोणतेही कारण न देता’ एवढे शब्द काढावेत आणि तिच्या खाली दोन वाक्ये जोडावीत, असे मला मनापासून वाटते. शुद्धिपत्रक निघाल्यास बोलीची मुदत त्या तारखेपासून पुन्हा मोजली जाईल आणि ज्याला बदल मान्य नाही त्याची अनामत सात दिवसांत परत मिळेल. लिलाव रद्द झाल्यास कारण लेखी दिले जाईल आणि अडकलेल्या अनामतीवर व्याज दिले जाईल.